मृत्युच्छाया

मायचं पवित्र शास्त्र आता माझ्याकडे आहे. काळ्या कापडी पुठ्ठ्याचं. पानांच्या कडा कधीकाळी लाल होत्या. आमच्याकडच्या पावसाळ्यांनी स्तोत्रसंहितेची पानं एकमेकांना चिकटली होती. ती मी केसातल्या पिनेने एकेक करून सोडवली.

माय रोज सांजेला मोठ्याने वाचायची आणि छापील मराठी तिच्या जिभेवर आली की झाडीबोली होऊन जायची. 'मेंढपाळ'चा 'मेंढपार' व्हायचा, 'डोळे'चे 'डोरे', 'पाणी'चं 'पानी'. धानाच्या मुलखातली ती बाई; सगळं शास्त्र वाचून झाल्यावर एकदा म्हणाली, "यात तांदूर कुठीच नाही गं." खरंच नाही. गहू आहे, जव आहे, तांदूळ कुठेही नाही. तरी ते पुस्तक परक्या देशाचं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

आजी भंडाऱ्याला स्कॉटिश मिशनच्या दिवसांत ख्रिस्ती झाली. बाबा तुमसर तालुक्यात, चिखल्याच्या मँगनीज खदानीत, जमिनीखाली काम करायचे. मी डी. एड.साठी नागपूरला निघाले तेव्हा तुमसर रोडच्या फलाटावर बाबांनी मला एक गोष्ट सांगितली. याच रुळांवरून, नागपूरहून राजनांदगावला जाताना, कवी नारायण वामन टिळकांना गाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला होता. दोनएक वर्षांनी, १८९५ साली, टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुस्तक हाती आल्यावर पहिली काही पानं त्यांनी भंडाऱ्याची भातखाचरं मागे पडत असताना चाळली असतील, हे माझं मीच मनात धरून ठेवलेलं आहे.

नागपूरला वाचनालयात बसायची सवय लागली आणि मायचं पुस्तक हे शास्त्राचं एकच मराठी भाषांतर नाही हे कळलं. मिशनरी विल्यम कॅरीने श्रीरामपूरला, बंगालमध्ये, वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी शिकून १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मोडी अक्षरांत कोश काढला आणि १८११ साली नवा करार. आधी व्याकरण, मग कोश आणि त्यानंतर शास्त्र, हा क्रम मला फार पटला. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचंही तसंच. त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी सगळ्यांना ठाऊक असते, पण मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाचा संक्षेप त्यांनीच १८६३ साली केला. शास्त्र उघडताना शेजारी कोश ठेवायचा, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर मात्र बरंच उशिरा वाचलं. एका पाळकांच्या कपाटात ते होतं आणि त्यांनी ते मला महिनाभर वापरू दिलं. संस्कृतात वाढलेली ही विदुषी. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणायला बसली. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना, नुकतीच अक्षरं लागलेल्या बायकांना, कळेल अशा मराठीत. छपाईही तिथल्याच बायकांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. विद्वत्ता सोपेपणासाठी खर्च करणं यापेक्षा मोठं काम मला दिसत नाही. वसईच्या कॅथॉलिक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' त्याच वाटेवरचं. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मला घरातल्या माणसाचा मान झाल्यासारखं वाटलं. आम्हा प्रॉटेस्टंटांच्या शास्त्रात ६६ पुस्तकं, कॅथॉलिकांच्या ७३. ती जास्तीची सात वाचायला कुणी हरकत घेऊ नये.

माय गेली त्या दिवशी पाळकांनी तेविसावं स्तोत्र वाचलं. त्यातला 'मृत्युच्छाया' हा शब्द आला तेव्हा मला उभं राहवेना, पण त्याच शब्दाने धरूनही ठेवलं. मरण म्हणजे नुसती सावली. सावलीतून माणूस पलीकडे जातो. पुढची कित्येक वर्षं मी त्यावर तगले.

आणि एक दिवस नव्या भाषांतरात तीच ओळ उघडली तर शब्दच नाही. दरी होती, पण नुसती गडद अंधाराची. १९८९च्या एका नामवंत इंग्रजी आवृत्तीतही तसंच. मला राग आला. मायच्या कबरीवरचं कुणीतरी काही उचलून नेलं असं वाटलं.

नागपूरच्या सीताबर्डीतल्या जुन्या पुस्तकांतून घेतलेली स्ट्राँगची शब्दसूची घरात होती. जेम्स स्ट्राँगने १८९० साली काढलेल्या या ग्रंथात बायबलमधला प्रत्येक शब्द कुठे कुठे येतो ते दिलेलं आहे आणि मूळ हिब्रू-ग्रीक शब्दाला एकेक क्रमांक. सूची इंग्रजी किंग जेम्स भाषांतरावर बेतलेली, म्हणून तेही शेजारी उघडावं लागतं. 'सावली'खाली शोधत गेले आणि क्रमांक मिळाला : ६७५७, 'त्सलमावेत'. 'त्सेल' म्हणजे सावली, 'मावेत' म्हणजे मृत्यू. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्यूंनी स्तोत्रं ग्रीकमध्ये नेली, तेव्हाही त्यांनी तो असाच फोडला होता. पण हिब्रूत आधी नुसती व्यंजनं लिहीत, स्वरांच्या खुणा शतकांनंतर आल्या. वेगळे स्वर घातले की त्याच व्यंजनांचा 'गडद काळोख' होतो, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं.

जुन्या करारात हा शब्द १८ वेळा येतो, त्यातल्या दहा वेळा एकट्या ईयोबाच्या पुस्तकात. मी अठराही ठिकाणं काढली, प्रत्येक ठिकाणी मायचं भाषांतर, रमाबाईंच्या भाषांतरातून महिनाभरात वहीत उतरवून घेतलेलं आणि नवं, असं ताडून पाहत गेले. आठवडा गेला त्यात. आमोसाच्या पुस्तकात देव या काळोखाची पहाट करतो. तिथे 'अंधार' चपखल बसतो. ईयोबात एके ठिकाणी मरणाच्या दाराशेजारी तो येतो. तिथे मृत्यूला वगळता येत नाही. नव्या भाषांतरकारांवरचा राग तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ओसरला होता. त्यांनी चोरी केलेली नव्हती. शंका प्रामाणिकपणे नोंदवली होती. आता कुणी विचारलं की कोणतं भाषांतर घेऊ, तर मी सांगते : दोन घे, न जुळणारी, आणि एक शब्दसूची. जिथे दोघांचं बिनसतं तिथे थांब.

ईयोबाचा अठ्ठाविसावा अध्याय शेवटी राहिला होता. त्यात खाणकामाचं वर्णन आहे. माणूस काळोखाचा अंत करतो, जमिनीच्या पोटात धातूचे दगड हुडकतो, लोकवस्तीपासून दूर, जिथे कुणाचं पाऊल पडत नाही तिथे लोंबकळत हेलकावे खातो. आणि तो दगड ज्या अंधारात असतो त्याला शब्द तोच, ६७५७.

पुस्तक घेऊन मी ओसरीवर गेले. बाबांचे डोळे तेव्हा जवळजवळ गेलेले. त्यांना सगळा अध्याय वाचून दाखवला, तो शब्द दोन्ही तऱ्हांनी सांगितला. ते बराच वेळ गप्प होते.

"टोपीवरचा दिवा विझला का खाली आपलाच हात दिसत नाही," ते म्हणाले. "रात्र तशी नसते. रात्री काही ना काही दिसतेच." मग हात पुढे करून पानावर ठेवला. "हे लिवनारा खदानीत उतरला असन."

मायच्या शास्त्रात तेविसाव्या स्तोत्राच्या समासात मी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं आहे : ईयोब २८:३ पाहा.