सरासरीचे गुण

लेझीम असो, भजन असो की शाळेचं बँडपथक, आमच्या बीड जिल्ह्यात निकाल लागला की मैदानावर दोन तट पडतात. जिंकलेल्यांना परीक्षक जाणकार वाटतात, हरलेल्यांना पाहुणे.

इकडच्या शाळांना ध्वजवंदनाचे दिवस जरा जास्तच. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे आणि खास मराठवाड्याचा १७ सप्टेंबर. त्यामुळे ड्रम, बिगुल आणि लेझीम फार दिवस अडगळीत पडून राहत नाहीत. अशाच एका स्पर्धेत मी परीक्षक होतो आणि शेजारी निवृत्त फौजी. त्यांची नजर पायांवर, माझा कान ड्रमवर. एका पथकाची रांग वळणावर विस्कटली, पण बेस ड्रमवाल्या मुलीने ठेका तसूभर हलू दिला नाही आणि तिच्याच आधाराने पोरं पुन्हा रांगेत आली. फौजींनी दिले दहापैकी चार, मी नऊ. सरासरी साडेसहा, म्हणजे आम्हा दोघांपैकी कुणाचंच मत नाही! गुणपत्रकावर मात्र तेच चढलं.

दिल्लीत तरी काय वेगळं? २०२३च्या प्रजासत्ताक दिनी तिन्ही दलांतलं उत्कृष्ट संचलन परीक्षकांच्या मते पंजाब रेजिमेंटचं, तर लोकांच्या मतदानात हवाई दलाचं. महाराष्ट्राचा साडेतीन शक्तिपीठांचा चित्ररथ परीक्षकांकडे दुसरा आला, लोकांकडे तिसरा. (आमची अंबाजोगाईची योगेश्वरी त्या साडेतीनात नाही, हे दुःख वेगळंच.) अमेरिकेत ड्रम कोअर म्हणजे ड्रम-बिगुल पथकांच्या स्पर्धेत २००८ साली पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर होतं ०.०२५ गुणांचं. इतक्या बारीक फरकाने कुणाचं वाजवणं सरस ठरतं, यावर माझा विश्वास नाही.

रांग मोजता येते, गणवेश तपासता येतो. ठेक्यातली जान ऐकणाऱ्यागणिक बदलते. हलगीवर वाढलेल्या माणसाला जे भिडेल, ते कवायतीत मुरलेल्याला बेशिस्त वाटेल. म्हणून परीक्षक बदलावेत असं मी म्हणत नाही. दोन्ही प्रकारचे हवेतच.

आयोजकांना विनंती एवढीच. करंडक द्या, क्रमांकही लावा, पण प्रत्येक परीक्षकाचं गुणपत्रक शेऱ्यासह पथकाच्या हाती द्या. कोणी चार दिले, कोणी नऊ आणि का, हे त्या बेस ड्रमवाल्या मुलीला कळलं पाहिजे.