किती जंजिरे पाहायचे?

'जंजिरा' हा शब्द ऐकून तुम्हाला ज़ंजीर, म्हणजे साखळी आठवते का? तिचा इथे काही संबंध नाही. हा शब्द अरबी 'जज़ीरा'वरून आला आहे. जज़ीरा म्हणजे बेट. कोकणातल्या लोकांनी तो आपल्या बोलीत बसवून घेतला आणि समुद्रातल्या किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. जज़ीराचे अनेकवचन जज़ाइर. आफ्रिकेतल्या अल्जीरिया देशाचे अरबी नावही तेच आहे, अल-जज़ाइर!

आपल्या रायगड जिल्ह्यात असे जज़ाइर बरेच आहेत. उरण तालुक्यात घारापुरी, थळसमोर खांदेरी आणि उंदेरी, अलिबागला कुलाबा, मुरूडजवळ जंजिरा आणि पद्मदुर्ग. पण आम्ही पडलो कर्जतचे. जिल्हा समुद्राचा आणि आम्ही डोंगराचे! आमच्या नानींनी सत्तरी ओलांडली, तरी एकही बेट पाहिले नव्हते. एका हिवाळ्यात दोन दिवसांची सहल ठरली आणि घरात वाद सुरू झाला. बेटे किती पाहायची?

धाकट्या भावाने सहाही नावे कागदावर लिहून काढली. खांदेरीवर तर तो अडूनच बसला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे तटबंदी बांधायला घेतली. इंग्रजांच्या आरमाराने अडवले, तरी काम थांबले नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत १२ किल्ले आले, त्यांतही खांदेरी आहे. "हे सोडून कसे चालेल?" तो म्हणे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मामू मात्र एकच बेट म्हणत होते.

नानी म्हणाल्या, "तुम्ही सगळी बघा. मी किनाऱ्यावर बसून पिशव्या सांभाळीन."

ते ऐकून मला वाईट वाटले. आमची सहा बेटे झाली असती आणि नानींचे एकही नाही.

तेव्हा मामूंनी एक युक्ती केली. सहलीआधीच्या रविवारी ते सगळ्यांना कोंडाण्याला घेऊन गेले. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. तिथून जंगलातल्या वाटेने लेण्यांकडे जाता येते. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी ती डोंगरात कोरून घेतली. मुले पुढे पळाली, चैत्यगृहात डोकावली आणि "आता राजमाचीवर चला" म्हणू लागली. नानी मागून थांबत थांबत आल्या, दगडावर टेकल्या आणि वर पाहत राहिल्या. कमान दगडाची, पण घडण लाकडी घरासारखी! त्या काळचे कारागीर लाकडाची घरे बांधत. तीच रीत त्यांनी दगडात उतरवली. मग नानींनी बाजूला बोट दाखवले. तिथे भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरे आहेत. कान्हाचा शिष्य बालक याने हे घडवले, असे त्यांत लिहिलेले आहे. पळून गेलेल्या मुलांना ती दिसलीच नव्हती.

मामू घड्याळ पाहत होते. जाणे, बसणे, पाहणे, परतणे यांत अर्धा दिवस गेला. "आता हिशेब करा," ते म्हणाले.

हिशेबात समुद्रालाही धरावे लागते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला मधली वाट पाण्याखाली जाते. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. नानींना तिथी ठाऊक नाही, पण चांदची तारीख पाठ असते. चांदच्या तारखेत एक मिळवला की साधारणपणे तिथी मिळते. त्या दिवशी चांदची ११ तारीख येणार होती, म्हणजे तिथी १२. तिची पाऊणपट ९. सकाळी सुमारे ९ ला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, दुपारी ३ च्या सुमारास ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच सगळे सुमारे ५० मिनिटे उशिरा. हा नुसता अंदाज असतो, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

शेवटी दोन बेटे ठरली. पहिल्या दिवशी दुपारी कुलाबा. रात्री अलिबागला मुक्काम. मुरूड तिथून सुमारे ५० किलोमीटर, म्हणून दुसरा सगळा दिवस जंजिऱ्याला. खांदेरी राहिली. धाकटा रुसला आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही. मलाही तिची हळहळ वाटली.

राजपुरीहून शिडाच्या होडीने आम्ही जंजिऱ्याला गेलो. होडी अगदी जवळ येईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही, तो का, हे तिथेच कळते. होडी हलत होती. नावाड्याने नानींचा हात धरला, दुसरा मामूंनी धरला आणि नानी पायरीवर उतरल्या. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये हे गोडे! नानी त्याच्या काठी कितीतरी वेळ बसल्या.

तटावरून दूरवर पद्मदुर्ग दिसतो. धाकट्याने खिशातला कागद काढला, त्यावर खूण केली आणि खाली येऊन म्हणाला, "नानी, तीन झाली!"

नानींनी दोन बोटे वर केली.