चढाचा ताप

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे, डेन्व्हरला, गेले होते. हेतू पर्यटनाचा नव्हता. आमचे वडील, अण्णा, पक्षाघातानंतर तीन वर्षे माझ्याकडे आहेत. त्यांच्या पुढच्या व्यवस्थेविषयी भावाशी समोरासमोर बोलायचे होते, कारण दूरध्वनीवर हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला आम्ही दोघेही लहानपणीच्या आवाजात भांडू लागत असू. मावसबहिणीला महिनाभर घरी राहायला बोलावून मी निघाले. तिथे पोचल्यावर पहिले दहा दिवस आम्ही दोघेही त्या विषयाच्या कडेकडेने चालत राहिलो. अखेर तो निघाला तो एका घाटात, आणि निघाला तेव्हा आम्हा दोघांचे लक्ष एका भलत्याच आकड्याकडे होते.

भावाकडे एक पिकअप ट्रक आहे आणि त्याच्या मागे जोडायचा, चाकांवरच्या खोलीसारखा एक ट्रेलर. त्यात बिछाने, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी असे सारे असते. सामानासकट त्याचे वजन सुमारे २,७०० किलो भरते. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर. तिथून पश्चिमेला निघणारा आय-७० हा महामार्ग सुमारे साठ मैलांत आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांवर पोचतो. बोगद्यापलीकडे, डिलनच्या जलाशयाकाठी, आम्हाला दोन रात्री मुक्काम करायचा होता.

निघताना भावाने समोरच्या पडद्यावर एक आकडा आणून ठेवला. मला वाटले, वेग असेल. तो म्हणाला, "ताई, हे ट्रान्समिशनचं तापमान. इंजिनाचं नाही. ओझं ओढताना इंजिनाआधी हे मरतं."

'ट्रान्समिशन'ला मराठीत काय म्हणावे, हा मराठीच्या अध्यापकाला शोभेलसा प्रश्न मला लगेच पडला. 'पारेषण' हा शब्द वीजकंपनीने घेतलेला आहे. 'संक्रमण' म्हटले तर तीळगूळ तरी आठवतो किंवा रोगराई. गॅरेजमध्ये सरळ 'गिअरबॉक्स' म्हणतात आणि तेच बरे. इंजिनाने निर्माण केलेले बळ चाकांपर्यंत पोचवणारी ती व्यवस्था. पोचवणे हेच तिचे काम.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत हे काम क्लच आणि हातातला गिअर करतो. तिकडच्या ट्रकमध्ये गिअर आपोआप पडतात आणि क्लचच्या जागी तेलाने भरलेले एक भांडे असते. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. भावाने ते समजावले ते असे : दोन पंखे समोरासमोर ठेवायचे. एक विजेवर चालू, दुसरा बंद. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिन पहिला पंखा फिरवते, त्याने फेकलेले तेल दुसऱ्याला फिरवते आणि दुसरा पुढे गिअरांना. ओझे हलके असेल तर दोन्ही पंखे जवळपास सारख्या गतीने फिरतात. ओझे जड आणि चढ तीव्र असेल तर दुसरा मागे पडतो. पहिला जिवाच्या आकांताने फिरतो आहे, दुसरा तितका फिरत नाही. मधला जो फरक, तो जातो कुठे? तेलात. तेल घुसळले जाते आणि तापते.

एका जागी बसलेल्या माणसाला कळावे तसे मला ते कळले. इंजिनाने काढलेले जे बळ चाकापर्यंत पोचले नाही, त्याचा हा ताप.

हे तेल साधारण १७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, सुखात असते. तिथून पुढे दर वीस अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, अशी या धंद्यातली जुनी मोजपट्टी आहे. १९५ ला निम्मे, २१५ ला पाव. २४० च्या पुढे तेलाची राळ बनून आतल्या भागांवर चिकटू लागते. हल्लीची तेले याहून चिवट असतात, पण पट्टीचा अर्थ बदलत नाही. चांगले तेल लाल आणि पारदर्शक. जळालेले तपकिरी, आणि त्याला करपलेला वास येतो.

त्या वासाचा उल्लेख झाला आणि मला कुंभार्ली घाट आठवला.

अण्णा एस.टी.त चालक होते. त्यांची बरीचशी नोकरी चिपळूण-कराड मार्गावर गेली. शाळेच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्या मागच्या बाकावर बसून घाट चढत असे. एकदा एका नवशिक्या चालकाची गाडी आमच्यापुढे होती. वळणावर ती थांबली, पुढे सरकली, पुन्हा थांबली, आणि दोन्ही गाड्यांत एक करपट वास पसरला. अण्णा म्हणाले, "पोरगा हाफ क्लचवर गाडी धरतोय. प्लेट जाळणार." क्लच अर्धवट दाबून, इंजिन गुरगुरत ठेवून गाडी चढावर तोलून धरायची, ही त्यांच्या लेखी सर्वांत मोठी चूक. ते म्हणत, "एक तर सोड नाहीतर धर. मधे घसटत राहिलं की जळतं." टॉर्क कन्व्हर्टर त्यांनी कधी पाहिला नाही, पण पंख्यांचा सगळा सिद्धान्त या एका वाक्यात आलेला आहे.

आयडाहो स्प्रिंग्ज मागे पडेपर्यंत आकडा १९० च्या आतबाहेर होता. जॉर्जटाउननंतर चढ अंगावर आला. तिथली हवाही विरळ. साध्या इंजिनाचे बळ दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्यापाशी जवळपास एक तृतीयांश बळ गेलेले असते. गाडी वरच्या गिअरमध्ये राहू पाहत होती, दम लागून खाली येत होती, पुन्हा वर जात होती. दोन्ही पंख्यांना एकत्र जखडणारी एक कडी आत असते. ती लागली की घसरण थांबते आणि ताप उतरतो. या वरखाली करण्यात ती कडी लागत-सुटत राहिली. आकडा २०८ झाला. मग २१४.

आणि नेमके तेव्हाच भाऊ म्हणाला, "अण्णांसाठी चोवीस तासांचा माणूस ठेव ना. पैसे मी पाठवतो, म्हटलंय ना तुला."

मी काय बोलले ते सगळे इथे लिहीत नाही. पैशाने माणूस मिळतो, पण रात्री अडीच वाजता "गाडी लागली का?" असे विचारणाऱ्या म्हाताऱ्याला उत्तर देणारा मिळत नाही, असे काहीसे बोलले. तो म्हणाला, "तू कुणाला काही करूच देत नाहीस." मी म्हणाले, "करायला इथे आहे कोण?" आकडा २२१ वर गेला होता. भावाने माझ्याकडे न पाहता गिअर हाताने तिसऱ्यावर आणला, वेग चाळीस मैलांवर उतरवला, धोक्याचे दिवे लावले आणि उजव्या मार्गिकेत, मालट्रकांच्या रांगेत, गाडी घातली. इंजिनाचा आवाज एकदम चढला. मला वाटले, आता काही तरी मोडणार. पण आकडा २२१ वर थबकला आणि सावकाश उतरू लागला. आवाज वाढला होता, घसरण कमी झाली होती.

बोगद्याच्या अलीकडे लव्हलँडच्या बर्फावरच्या खेळांच्या मैदानापाशी बाहेर पडायला रस्ता आहे. तिथे त्याने गाडी थांबवली. किल्लीकडे माझे लक्ष गेलेले पाहून म्हणाला, "बंद नाही करायची. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. बंद केली तर तापलेलं तेल आहे तिथेच बसून राहील. थांबायचं, पण चालू ठेवायचं."

दहा मिनिटे आम्ही तसे बसलो. कुणीच काही बोलले नाही.

आम्ही वर्गात यंत्र शिकवतो ते बहुधा एकाच अर्थाने. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) शिकवताना यंत्रयुग, घुसमट, माणसाचे यंत्र होणे हे शब्द ओठांवर तयार असतात. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तेच लिहितात आणि आम्ही गुण देतो. मर्ढेकरांबद्दल ते खोटे नाही. पण 'यांत्रिक' हा शब्द 'संवेदनाशून्य'चा पर्याय म्हणून मी वीस वर्षे वापरत आले, त्या वीस वर्षांत मला माझे वडील आठवले नाहीत, याचे त्या बाकड्यासारख्या आसनावर बसून आश्चर्य वाटले. अण्णा गाडी ऐकत. आवाजाचा सूर पाव हिश्शाने बदलला तरी त्यांचा हात दांड्यावर जाई. प्रवासी मोजून, टपावरचे सामान पाहून कोणत्या वळणावर दुसरा गिअर लागेल हे ते डेपोतच सांगत. त्यांच्या गाडीत पडद्यावर आकडा नव्हता. तळपायाला, नाकाला आणि कानाला जे कळे, तेवढेच. इतके लक्ष मी एखाद्या कवितेकडे तरी दिले आहे का, हा प्रश्न मला टाळता आला नाही.

आणि दुसरा त्याहून अवघड. गेल्या तीन वर्षांत मी थकले आहे असे सगळ्यांना सांगत आले, आणि थकवा म्हणजे केलेल्या कामाचा पुरावा असे धरून चालले. पहाटे उठणे, अण्णांचे आवरणे, कॉलेज, परत येणे, औषधे, उत्तरपत्रिका. पण यातले अण्णांपर्यंत पोचत किती होते? निघण्याच्या आदल्या आठवड्यात "गाडी लागली का?" या प्रश्नावर मी त्यांच्या अंगावर ओरडले होते. ते गप्प झाले आणि डाव्या हाताने चादर चाचपू लागले. त्या रात्री मी दमले होते, हे खरे. पण तो दम त्यांच्या सेवेचा नव्हता. त्यांना ना धड सोडायचे, ना धड धरायचे, असा तो हाफ क्लच होता. वास मला आला नव्हता, इतकेच.

भावाला यातले काहीच सांगितले नाही. आकडा १८५ वर आला तेव्हा त्याने विचारले, "ताई, टाकीत पाणी आहे का गं? मी काल भरली होती." टाकी चाळीस गॅलनची; म्हणजे दीडशे किलो पाणी. मुक्कामाच्या ठिकाणी नळ होता, हे त्याला ठाऊक होते. सवयीने भरली होती. दीडशे किलो पाणी आम्ही सहा हजार फूट चढवून आणले, ते पाण्यानेच भरलेल्या जलाशयाकाठी नेण्यासाठी. तो हसू लागला, मग मीही हसले. जरा वेळाने तो म्हणाला, "नोव्हेंबर ते जानेवारी मी तिकडे येतो. काम तिथून करता येईल, विचारलंय मी. ते तीन महिने तू अण्णांकडे बघायचं नाहीस. बघवलं नाही तर पुण्याला जाऊन राहा." मी 'बघू' म्हणाले. मग 'बरं' म्हणाले.

बोगदा पावणेदोन मैलांचा आहे. तो खंडाच्या पाणलोटाखालून जातो : अलीकडचे पाणी अटलांटिककडे, पलीकडचे पॅसिफिककडे. कुंभार्लीच्या माथ्यावरही हेच आहे. एका बाजूचा पाऊस वाशिष्ठीतून अरबी समुद्राला, दुसऱ्या बाजूचा कोयनेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला. बाहेर पडताच सात टक्क्यांचा उतार सुरू झाला. रस्त्याच्या कडेला ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी खडीचे चढते पट्टे काढलेले दिसले. उतारावर ताप गिअरबॉक्समधून निघून ब्रेकांत जातो, हे आता मला सांगावे लागले नाही. भावाने बोगद्यातच गिअर खाली आणला होता. चढलो त्याच गिअरात उतरायचे, ही अण्णांची शिकवण. त्याने ती कुठून घेतली, हे मी विचारले नाही. त्याच बाकावर, माझ्या शेजारी तोही बसत असे.

नोव्हेंबरात तो आला. पहिल्या रात्री अण्णांनी विचारले, "गाडी लागली का?" मी पलीकडच्या खोलीत होते. भाऊ म्हणाला, "लागली, अण्णा. पाच मिनिटं आहेत अजून." अण्णा "बरं" म्हणाले आणि झोपले. इतके साधे उत्तर मला तीन वर्षांत सुचले नव्हते.