देणगी आणि लाच

कोशात ‘देणगी’ आणि ‘लाच’ यांच्यामध्ये पुष्कळ पाने आहेत. व्यवहारात मात्र एक पडदाच असतो, असे मराठी शिकवणाऱ्या मला अमेरिकेतल्या ओहायोची हकीकत वाचताना वाटले. तिथे दोन अणुवीज केंद्रे तगवण्यासाठी २०१९ साली कायदा झाला. भार टाकायचा होता घरोघरच्या वीजबिलावर! त्यासाठी फर्स्टएनर्जी कंपनीचे सुमारे ६ कोटी डॉलर, देणाऱ्याचे नाव न सांगणाऱ्या संस्थेमार्फत, सभापती लॅरी हाउसहोल्डर यांच्या राजकारणाकडे वळले होते. बचाव होता, या देणग्याच. ज्यूरीला ते पटले नाही. २०२३ साली त्यांना २० वर्षांची कैद झाली. अणुअनुदान २०२१ सालीच रद्द झाले होते. अणुवीज हवी की नको, यावर खुशाल भांडावे, वाचकहो; पण बोलणाऱ्यामागे पैसा कुणाचा, हे बिल भरणाऱ्याला आधी कळले पाहिजे.