‘इट’ घालून बघ

जबलपूरच्या गोरखपूर भागात मी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेते. येणारी मुलं बरीचशी मराठी घरांतली. शाळेत आणि बाजारात हिंदी, घरी आजीशी मराठी. प्रिपोझिशन म्हटलं की ती घडाघडा यादी म्हणून दाखवतात: इन, ऑन, ॲट, अंडर, थ्रू. रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण उघडून कोणीतरी ती पाठ करून घेतलेली असते. पण वाक्य समोर ठेवलं की तीच मुलं अडतात, कारण एकच शब्द इथे प्रिपोझिशन असतो आणि तिथे नसतो.

मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते: ‘टर्न ऑफ द रोड’ आणि ‘टर्न ऑफ द फॅन’. दिसायला अगदी सारखी. मग सांगते, रस्ता आणि पंखा पुसा, त्यांच्या जागी ‘इट’ घालून बघा. पहिलं होतं ‘टर्न ऑफ इट’. दुसऱ्यात मात्र ‘इट’ला मधेच जागा द्यावी लागते: ‘टर्न इट ऑफ’. पहिल्या वाक्यातला ‘ऑफ’ नामाच्या आधी ठाम उभा राहतो, म्हणून तो प्रिपोझिशन. दुसरा क्रियापदाच्या घरातला. पंखा बंद करण्यातला ‘बंद’ तोच. मदनमहालची टेकडी इथून जवळच, म्हणून पुढचं उदाहरण तिचं. ‘शी रॅन अप द हिल’, म्हणजे ‘रॅन अप इट’. पण दुकानात उधारी चढवली तर ‘रॅन अप अ बिल’, आणि तिथे ‘रॅन इट अप’.

ही कसोटी मराठी मुलांना चटकन पटते असा माझा अनुभव आहे, आणि त्याचं कारण मला सामान्यरूपात दिसतं. घर आणि खाली जोडले की ‘घराखाली’ होतं, शाळेचं ‘शाळेत’ होतं. पुढे काही लागणार म्हटलं की नाम आधीच वाकतं. हिंदीत ‘लड़का’चं ‘लड़के को’ होतं, पण ‘घर में’मधलं घर जसंच्या तसं राहतं. मराठीत हे वाकणं बहुतेक नामांत दिसतं. जुन्या इंग्रजीतही प्रिपोझिशनमागून येणाऱ्या नामाला ठरावीक विभक्ती घ्यावी लागे. नामांचं ते वळण काळाच्या ओघात गेलं, सर्वनामांत उरलं: ‘ही’चं ‘हिम’, ‘दे’चं ‘देम’. म्हणून ‘विथ ही’ कानाला खुपतं, तसं ‘बिटवीन यू अँड आय’ही खुपायला हवं. नामाकडून काही कळत नाही, तेव्हा सर्वनामाला विचारावं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो ‘टू’च्या बाबतीत. अर्जाच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलेलं मी सतत पाहते. तिथे ‘इट’ घाला. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ नीट बसतं; म्हणजे ‘टू’ प्रिपोझिशन, आणि त्यामागे नामासारखं रूप हवं: ‘मीटिंग यू’. ‘आय वॉन्ट टू गो’मध्ये ‘गो’ काढून ‘इट’ घातलं तर ‘वॉन्ट टू इट’ उभंच राहत नाही.

ओळखता आलं म्हणजे योग्य शब्द निवडता येईलच असं नाही. ‘माझ्यावर रागावला’ म्हणणारं मूल ‘अँग्री ऑन मी’ लिहितं, ‘त्याच्याशी लग्न’ म्हणणारं ‘मॅरीड विथ हिम’. ‘विषयी’ मनात असतं, म्हणून ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चिकटतं. यात आळस नाही. मूल मराठीशी इमान राखून इंग्रजी लिहितंय. नुसता लाल शेरा मारून हे सुटत नाही. ‘अँग्री विथ मी’, ‘मॅरीड टू हिम’ असे जोड पुन्हा पुन्हा वापरून अंगवळणी पाडावे लागतात, आणि ‘डिस्कस’ला काहीच लागत नाही हेही.

प्रिपोझिशन नेमकं कशाला म्हणायचं, यावर ‘आफ्टर’च्या बाबतीत अभ्यासकांतही मतभेद आहेत. ‘आफ्टर लंच’मधला आणि ‘आफ्टर ही लेफ्ट’मधला ‘आफ्टर’ निरनिराळ्या वर्गांतले मानायला भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सनने 1924 साली हरकत घेतली, आणि 2002 मधल्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणाने दोन्हींना प्रिपोझिशनच म्हटलं. मला हे पटतं. परीक्षेत मात्र दुसऱ्याला कंजंक्शन लिहा असंच मी सांगते. गुण मुलांचे जातात.

एका मुलीने विचारलं, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं तर ते चूक ना, ताई? इंग्रज कवी ड्रायडनने 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या ओळींवर हाच आक्षेप घेतला होता आणि तो अजून शाळांत फिरतोय. मी फळ्यावर लिहिलं, ‘द हाउस आय लिव्ह इन’. तिने घर उचलून परत मागे नेलं, त्याच्या जागी ‘इट’ घातलं, ‘आय लिव्ह इन इट’ असं म्हणून पाहिलं, आणि मग पुढच्या वाक्याकडे वळली.