गिअर स्टिअरिंगवर चढतो तेव्हा

रात्री अकरानंतर हॉस्टेलमागच्या शेडमधून ग्राइंडरचा जो आवाज येतो, तो आमच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीचा. यंदा त्या आवाजाचं कारण एकच होतं, गिअरची दांडी.

गाडीला इंजिन आहे जुन्या केटीएम ३९० ड्यूकचं, ३७३ सीसी. बाइकचा गिअरबॉक्स म्हणजे सिक्वेन्शियल, एकापाठोपाठ एक गिअर, मध्ये उडी मारायची सोय नाही. बाइकवर हे काम डावा पाय करतो. गाडीत पाय पेडलवर अडकलेले, म्हणून सीनिअर्सनी उजव्या मांडीशेजारी दांडी लावली होती. दिसायला झकास! पण स्पर्धेचा नियम असा की सगळे पट्टे बांधून बसलेल्या ड्रायव्हरला ५ सेकंदांत गाडीबाहेर येता आलं पाहिजे. आग लागली तर कोणी तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्या ड्रायव्हरचा गुडघा दरवेळी त्या दांडीत अडकायचा. ७ सेकंद, साडेसहा, पुन्हा ७. ती वैतागून म्हणाली, "एक तर दांडी काढा, नाहीतर माझा पाय."

पाय ठेवायचं ठरलं. दांडी स्टिअरिंगच्या मागे न्यायची.

कल्पना काही नवी नाही. प्रीमियर पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगलाच असायचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना आठवत असेल. ती टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. १९९० च्या दशकाच्या शेवटी वर्ल्ड रॅलीच्या गाड्यांतही चाकाशेजारी सिक्वेन्शियल दांडी दिसते. टीममधल्या एकाला मात्र १९८९ च्या फेरारीसारखे चाकामागचे पॅडल शिफ्टर हवे होते. ते चाकाबरोबर फिरतात, पण त्यांच्यातून फक्त वीज जाते, पुढची ओढाताण हायड्रॉलिक्स करतं. आमच्याकडे होता साधा रॉड. तो फिरणाऱ्या शाफ्टला जोडला तर ड्रायव्हर वळण घेणार आणि गिअर आपोआप पडणार! म्हणजे दांडी बसवायला न फिरणारा भाग हवा, आणि आमच्या गाडीत तर नुसता शाफ्ट, दोन बेअरिंगांवर.

इथे कामाला आले द्वारकेजवळच्या गॅरेजमधले मिस्त्रीकाका. सगळी हयात फिएट उघडण्यात गेलेली. आमची ड्रॉइंग त्यांनी उलटी धरूनच पाहिली आणि म्हणाले, "पोरांनो, फिएटला शाफ्टभोवती नळी असते. शाफ्ट फिरतो, नळी जागची हलत नाही. गिअर नळीच्या आधारानं. आधी नळी करा, दांडीचं मग बघू."

तीन आठवड्यांच्या मीटिंगा एका वाक्यात संपल्या. सातपूरच्या एका टर्नरकडून नळी करून आणली, ती चॅसिसला वेल्ड केली आणि तिच्यावर दांडीचा पिव्हट. स्टिअरिंग क्विक रिलीजवर असल्यामुळे ते खेचून काढताना दांडी आड येऊ नये एवढी जागा सोडली. मग मेकॅनिक्सच्या सरांना आवडेल असा भाग. पिव्हटच्या वर १६० मिमी, खाली ४० मिमी. जोर चौपट, पण हाताचा प्रवासही चौपट. दांडी आणखी लांब केली असती तर बोटांना हलकी लागली असती, पण तेवढ्यासाठी हात चाकावरून सुटला असता. दांडी ओढली की वरचा गिअर, ढकलली की खालचा. वेग घेताना अंग मागे जातं, ब्रेक लावताना पुढे, तेव्हा हेच सोयीचं.

खरा त्रास दांडीच्या परत येण्याचा. इंजिनच्या आतला पंजा एका झटक्यात ड्रमची एक पिन ढकलतो, पण तो मध्यावर परत आल्याशिवाय पुढची पिन पकडत नाही. आमचा स्टीलचा रॉड एवढा जड की आतल्या स्प्रिंगला तो परत आणवेना. दुसऱ्यानंतर तिसरा पडायचाच नाही. ॲल्युमिनियमचा रॉड आणि चांगले रॉड एंड घातले तेव्हा कुठे सुटलं. शिवाय घाबरलेला हात बुटापेक्षा जोरात ओढतो, शिफ्ट फोर्क वाकायची भीती. म्हणून दोन्ही बाजूंना बोल्टचे स्टॉपर.

ग्राउंडवर ट्रायल झाली. सहाही गिअर पडले. ड्रायव्हर चार सेकंदांत बाहेर, तीही हसत! न्यूट्रल मात्र पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये अर्ध्या झटक्यावर, हाताला कळतच नाही. म्हणून डॅशवर हिरवा दिवा लावलाय.

काकांनी एक फेरी मारून पाहिली, गाडी भिंतीपाशी आणून उभी केली आणि दांडी चारही दिशांना हलवून विचारलं, "रिव्हर्स कुठाय?"

"बाइकचं इंजिन आहे काका, रिव्हर्स नसतो."

"मग?"

आम्ही चौघं पुढे गेलो आणि ढकलायला लागलो.