गाडग्यातला नाग आणि वीस गुणांचा प्रश्न

माझं गाव शिराळा. सांगली जिल्ह्यातलं, बत्तीस शिराळा म्हणतात ते. कॉलेजमध्ये गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे ते नागांचं का?" मी हो म्हणायचो. पुढचा प्रश्नही ठरलेला असायचा. "तू धरलायस का कधी?" मी कधीच धरलेला नाही. आमच्या घरात नाग धरायचा तो दादा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा.

शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागाची पूजा व्हायची. एक बाई मातीच्या नागाची पूजा करत होती. गोरखनाथांनी तिला विचारलं, जिवंत नाग आणला तर पूजशील का? ती हो म्हणाली आणि तिथून प्रथा सुरू झाली, असं आमच्याकडे सांगतात. मी शाळेत असताना पंचमीच्या आधी पोरं काठ्या घेऊन बांधाबांधानं फिरायची. धरलेले नाग गाडग्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. पंचमीला अंबाबाईचं दर्शन, मग ट्रॅक्टरवरून मिरवणूक, स्पीकर. कुणाचा नाग सगळ्यात लांब, कुणाचा फणा सगळ्यात उंच, अशा स्पर्धा लागायच्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग धरायला बंदी आहेच. पुढे उच्च न्यायालयाचे आदेश आले, वनखात्याचा बंदोबस्त वाढला आणि मी कॉलेजला जाईपर्यंत मिरवणुकीत मातीचे नाग आणि फोटो आले.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना पटत नाही. शिराळ्यात साप निघाला तर लोक काठी शोधत नाहीत, दादासारख्या कुणाला तरी फोन करतात. दादानं शेकडो घरांतून नाग काढून रानात सोडलेत. एकही मारलेला नाही.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी दोन वर्षं पुण्यात यूपीएससी केली. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मेसचा डबा, सगळं रीतसर. पूर्व परीक्षा दोन्ही वेळा नापास झालो, त्यामुळे मुख्य परीक्षेचा खरा पेपर कधी हातात पडलाच नाही. पण त्यातला एक विषय मला मनापासून आवडला होता. 2013 पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा एक वेगळा, अडीचशे गुणांचा पेपर असतो. त्यातला जवळपास अर्धा भाग केस स्टडीज. तुम्ही अमुक जिल्ह्याचे अधिकारी आहात, समोर असा पेच आहे, काय कराल? प्रत्येकी वीस गुण.

इंजिनिअरच्या डोक्याला हे फार मानवलं. तीन-चार फ्रेमवर्क होती, हवं ते लावायचं. बेंथम आणि मिलचा उपयुक्ततावाद: जास्तीत जास्त जणांचं जास्तीत जास्त सुख कशात आहे ते बघा. कांटचा कर्तव्यवाद: परिणाम काहीही होवोत, सगळ्यांनी पाळावा असा नियम असेल तोच पाळा, आणि कुणाही माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. ॲरिस्टॉटलची सद्गुणांची नीती: चांगला माणूस अशा वेळी कसा वागेल ते विचारा. मला ही फंक्शन्स वाटायची. इनपुट द्या, आउटपुट घ्या.

एकदा टेस्ट सिरीजमध्ये धार्मिक प्रथा आणि प्राणीहक्क यांच्या संघर्षावर प्रश्न आला. मी खुश. थेट शिराळाच लिहिलं. भागधारकांची यादी केली: ग्रामस्थ, वनखातं, पर्यटक, व्यापारी, नाग. हो, नागाला मी भागधारक लिहिलं होतं. मग मधला मार्ग: प्रबोधन, मातीच्या मूर्ती, स्थानिक सर्पमित्रांना प्रशिक्षण. वीसपैकी तेरा गुण मिळाले. समासात शेरा होता, "संतुलित उत्तर." तो कागद मी बरेच दिवस जपून ठेवला होता.

मग 2021 चा श्रावण आला. कोविडमुळे अभ्यासिका बंद, म्हणून मी गावीच होतो. पंचमीच्या चार दिवस आधी दादानं मला मागच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात, धान्याच्या पोत्यांमागं एक गाडगं होतं. फडक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आजीसाठी आणलाय. कुणाला बोलू नगंस."

आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. वर्षभर अंथरुणालाच होती म्हटलं तरी चालेल. तिचे दोन्ही भाऊ तिच्या आधी गेले. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात, तो ती नागाच्या नावानं धरायची. नाग तिचा भाऊ. पंचमीला आमच्या घरात विळी हातात घ्यायची नाही, तवा चढवायचा नाही, रानात नांगर घालायचा नाही. जमिनीतल्या कुणाला इजा नको म्हणून. पुरणाची दिंडं उकडायची, तळण काही नाही. मागं कधीतरी ती बोलून गेली होती, "एकदा बघाय मिळाला असता तर..." दादाच्या डोक्यात तेच बसलं होतं.

मी काय केलं? काहीच नाही. मला कायदा माहीत होता, वर नीतिशास्त्राच्या नोट्सची दोन रजिस्टरं बॅगेत होती. पण दादाचा चेहरा बघून वाटलं, चारच दिवस आहेत, आजीसाठी आहे, आपण कशाला मध्ये पडा. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन मोबाईल बघत बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी दारात वनखात्याचा गार्ड आला. पंचमीच्या आधी त्यांच्या फेऱ्या चालूच असतात. माझ्याच वयाचा असेल. मास्क, हातात वही, गाडी फाटकाबाहेर. घरात त्या वेळी मी, आजी, वहिनी आणि त्यांची तान्ही मुलगी. दादा मागच्या खोलीतच होता.

"तुमच्या घरात नाग आणलाय असं कळलंय," तो म्हणाला.

"नाही हो. दादा कराडला गेलाय. असलं काही नाही आमच्यात."

विचार करायला एक सेकंदही लागला नाही. मी एवढ्या सफाईनं खोटं बोलू शकतो हे मलाच माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, काय करता? मी सांगितलं, इंजिनिअर आहे, यूपीएससी करतोय. त्याचा चेहरा सैलावला. तोही एमपीएससी करत होता. जाताना म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यावर विश्वास ठेवतो."

संध्याकाळी दादानं आजीला उठवून बसवलं. मी टॉर्च धरला. दादानं फडकं सोडलं, गाडगं हलकेच आडवं केलं. नाग निम्मा बाहेर आला आणि तिथंच थांबला. फणा काढला नाही. तोंडाच्या टोकाशी खरचटून लाल झालं होतं, आतून घासून घासून. आजीनं हात जोडले. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, ती रडेल किंवा काही मागेल. ती म्हणाली, "दमलाय की रं त्यो. चार दिसांत काय खाल्लंय का न्हाई त्यानं?"

दादा काही बोलला नाही.

"सोडून ये जा. आत्ताच्या आत्ता."

पंचमी उजाडायच्या आत दादानं त्याला ओढ्याकडेच्या बांधावर सोडलं. मी बरोबर गेलो होतो. नाग सरपटत गवतात गेला. पुढे तो जगला का, ते आम्हाला कळायचा काही मार्ग नव्हता.

त्या रात्री मी रजिस्टर उघडलं. कांटनं 1797 साली खोटं बोलण्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, त्याला मारायला निघालेला माणूस दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? कांट म्हणतो, तेव्हाही खोटं बोलू नका. एकदा खोट्याला सूट दिली की माणसांच्या शब्दावरचा भरवसाच जातो, आणि तो सगळ्यांचा असतो. वर्गात आम्ही यावर हसायचो.

आपल्याकडे याच पेचाचं उलटं उत्तर आहे. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नेहमी खरं बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी. लुटारूंना भिऊन काही माणसं रानात लपतात, लुटारू कौशिकाला विचारतात, तो खरं सांगतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं 'गीतारहस्य' 1915 साली छापलं गेलं. त्यातल्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात सत्य आणि अहिंसेच्या अपवादांची अशीच चर्चा आहे, तीही पाश्चात्त्य नीतिशास्त्र शेजारी ठेवून. वाचताना मला हायसं वाटलं. कृष्ण माझ्या बाजूनं होता. मी कौशिकासारखा वेडेपणा केला नाही, घरच्या माणसाला वाचवलं.

हे समाधान दोनेक दिवस टिकलं. मग एक साधी गोष्ट लक्षात आली, जी वीस गुणांच्या उत्तरात मी पहिल्या परिच्छेदात लिहिली असती. या दोन्ही गोष्टींत लपलेला माणूस निष्पाप आहे. आमच्या घरात निष्पाप कोण होतं? दादा नव्हे. मागच्या खोलीत, गाडग्यात, तोंड घासत होता तो. आणि दारात उभा होता तो मारेकरीही नव्हता, लुटारूही नव्हता. त्या घरात नागाच्या बाजूनं आलेला तो एकटाच माणूस होता. मी गोष्टीतली पात्रंच चुकीची वाटली होती.

बेंथमनं 1789 सालच्या पुस्तकात एका तळटीपेत प्राण्यांबद्दल म्हटलंय, की ते विचार करू शकतात का हा मुद्दा नाही, त्यांना वेदना होतात का हा आहे. मी ती तळटीप दहा उत्तरांत वापरली असेल. त्या चार दिवसांत नागाला भूक लागली असेल का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो आजीला पडला. तिनं बेंथमचं नाव ऐकलेलं नव्हतं. तिनं फक्त समोर बघितलं.

म्हणून अभ्यास वाया गेला असं मी म्हणणार नाही. पात्रं चुकीची वाटली हे मला कांट आणि कौशिक शेजारी ठेवल्यामुळेच कळलं. गार्डच्या शेवटच्या वाक्याचा त्रास का होतो, हेही कांटमुळेच कळलं. त्यानं माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला आणि मी तेच शिक्षण त्याला परत पाठवायला वापरलं. माणसाला साधन म्हणून वापरणं यापेक्षा वेगळं काय असतं?

तरीही कुणी विचारलं, की मग दारात खरं सांगायला हवं होतंस का, तर आजही माझं उत्तर अडखळतं. नाग धरणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. दादाची मुलगी आठ महिन्यांची होती. ज्यानं आयुष्यभर साप वाचवले, त्याला चार दिवसांच्या चुकीसाठी मी आत पाठवायचं? मला अजूनही माहीत नाही.

मला माहीत आहे ते वेगळं. केस स्टडी नेहमी दारातल्या प्रसंगापासून सुरू होते. "तुम्ही दार उघडता, समोर अधिकारी उभा आहे." तोपर्यंत सगळे चांगले पर्याय संपलेले असतात. माझी केस चार दिवस आधी सुरू झाली होती, मागच्या खोलीत, दादानं फडक्यावर हात ठेवला तेव्हा. तेव्हा कुणी प्रश्न विचारला नव्हता, गुण नव्हते, वेळ भरपूर होता. "दादा, आजीला आज रात्रीच दाखव आणि सोड" किंवा "सोड, मी तिला मोबाईलवर दाखवतो," एवढं म्हणता आलं असतं. दादा चिडला असता, कदाचित ऐकलंही असतं. कांट आणि कृष्ण यांच्यात निवड करायची वेळच आली नसती. मी मान डोलावली आणि ते माझ्या लेखी काही न करणं होतं.

पुढच्या वर्षी, 2022 च्या श्रावणात, मी पुण्यात नोकरीला लागलो होतो. दादाच्या बोलण्यावरून वाटलं, त्याच्या मनात परत आहे. या वेळी मी आधीच फोन केला. म्हणालो, "दादा, आणू नको. आणि आणलास आणि मला कुणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू आता सायेब झालास." त्यानं नाग आणला नाही. माझ्याशी वर्षभर बोललाही नाही. आजी गेली तेव्हा बोलला. खांद्यावर हात ठेवून एवढंच, "जेवलास का?"

2025 च्या पंचमीआधी बातमी आली की केंद्र सरकारनं शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाच्या कारणासाठी शिराळ्यात मोजके नाग धरायला सशर्त परवानगी दिली. दादानं मला व्हॉट्सॲपवर ती लिंक पाठवली. सोबत एक शब्द नाही. मला वाटलं, तो विचारतोय, आता सांग, तेव्हा मी काय चुकलो? बराच वेळ टाईप करून पुसत राहिलो. कायदेशीर काय आणि बरोबर काय यातला फरक, वगैरे. मग ते सगळं पुसलं आणि लिहिलं, "खायला काय देणार आहेत म्हणे?"

दादाचं उत्तर अर्ध्या तासानं आलं. "आजीसारखं बोलाय लागलास."

त्या गार्डला मी अजून भेटलेलो नाही. त्याचं नाव मला माहीत आहे, वहीवर लिहिलेलं दिसलं होतं. एमपीएससी झाला का, बदली झाली का, काही कल्पना नाही. शोधणं अवघड नाही. दर वेळी गावी जाताना कराड सोडलं की ठरवतो, या खेपेला विचारू. आणि दर वेळी घरी पोचेपर्यंत काहीतरी कारण सापडतं.